गच्चीवरची होडी

निरोपाच्या कार्यक्रमात माईक हातात आला आणि रोहिदास देवकरच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. ते कुठून आलं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

चाकणच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्नमेकर होता. लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि साचा उठवायला त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. ती करणारा तो पॅटर्नमेकर. पंपांची पोटं, गिअरबॉक्सची घरं, ट्रॅक्टरचे हब, असं काय काय त्याने उभ्या हयातीत लाकडात घडवलं होतं. शेवटची काही वर्षं मात्र शॉपमधून, म्हणजे त्याच्या खात्यातून, लाकूड हटत गेलं. संगणकावर चित्र काढायचं, मशीनवर रेझिनचा, म्हणजे कृत्रिम राळेचा, ठोकळा लावायचा, की सकाळपर्यंत पॅटर्न तयार. रोहिदासकडे उरली जुन्या मालाची डागडुजी. कोपरा झिजला तर पुट्टी भर, खुंटी सैल झाली तर ठोकून बसव.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याचा शेवटचा दिवस होता. कँटीनमध्ये केक कापला, शाल घातली. एचआरच्या मॅडमने हसत माईक पुढे केला. "देवकर काका, आता पुढे काय ठरवलंय?"

ठरवलेलं काहीच नव्हतं. समोर शंभरेक माणसं हातात सामोसा धरून त्याच्याकडे बघत होती. गावी जाणार म्हणावं, तर गावी पडकं घरसुद्धा उरलं नव्हतं. नातवंडं खेळवणार म्हणावं, तर मुलीचं लग्न व्हायचं होतं. रोहिदासने घसा साफ केला आणि म्हणाला, "होडी बनवणार. लाकडाची."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आचारी बाहेर येऊन बघायला लागले.

बरं, हा माणूस दुष्काळी परांड्याकडचा. गावात टँकर आला की शाळा सोडून हंडा घेऊन पळालेला. त्याला पोहता येत नव्हतं. होडीत तो जन्मात बसला नव्हता, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी हे एकालाही ठाऊक नव्हतं.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली. काळेवाडीतल्या त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत त्याच्या बायकोचं, सुमनचं, शिवणकामाचं दुकान होतं. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. कंपनीतल्या कुणाच्या तरी बायकोने ब्लाऊज न्यायला येऊन सगळं सांगितलं होतं. रोहिदास शाल खांद्यावर टाकून आत आला तेव्हा सुमनने मशीन थांबवलं नाही.

"कसली होडी?"

"लाकडाची."

"ते कळलं. कशाला?"

रोहिदासने शालीची घडी केली, मग मोडली, मग पुन्हा केली. "बघू," तो म्हणाला.

"बघू काय? बोललात ना चारचौघांत?"

बोलला होता खरा. आणि चारचौघं विसरायला तयार नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून फोनवर व्हिडिओ यायला लागले. कॅनडातला कुणी म्हातारा होडी करतोय, केरळातली होडी, आसामातली होडी. मोल्डिंगवाल्याने विचारलं, उद्घाटन कधी? दूधवाल्याने विचारलं, किती माणसं बसणार? हिंजवडीत नोकरीला असलेली आणि तिकडेच मैत्रिणींबरोबर राहणारी त्यांची मुलगी दिव्या, तिला तर बापाचं भारी कौतुक वाटलं. "पप्पा, दोन्ही टोकांना निमुळती असते ना, तिला कनू म्हणतात. हलकी असते, दोघंजण उचलतात. तुम्ही तीच करा. तुमचा हात आहे!"

हात होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण हाताला आजवर कुणीतरी चित्र आणून दिलं होतं. टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं असायचं आणि त्यात सगळं लिहिलेलं असायचं, लाकूड कोणतं, जाडी किती, गोलाई किती. रोहिदासने त्यात कधी एका सुताचा फरक केला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता टेबल रिकामं होतं. सकाळी चहा झाला की तो फोन घेऊन बसायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत सकाळपेक्षा जास्त गोंधळलेला असायचा.

एक जण सांगायचा, पातळ पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवा. दुसरा म्हणायचा, पट्ट्यांच्या नादी लागू नका, प्लायवूडचे तुकडे कापून तांब्याच्या तारेने शिवा. तिसरा फासळ्या उभ्या करून वर कॅनव्हास ताणत होता. लाकडाचं तर विचारूच नका. सागवान टिकतं, पण जड आणि तेलकट, गोंद धरत नाही. शिवण झाडाचं लाकूड हलकं, पण लांब फळी मिळत नाही. पाइन स्वस्त, पण कुजतं. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं आणि दुसऱ्याचं ऐकलं की पहिला खुळा वाटायचा.

शेवटी तो चाकणजवळ निघोज्याला गेला. तिथे फारूकचं लाकडाचं आवार होतं. कंपन्यांमध्ये परदेशातून मशीनं येतात, ती मोठाल्या लाकडी खोक्यांतून. ती खोकी उचलायची, खिळे काढायचे आणि फळ्या विकायच्या, हा फारूकचा धंदा. पॅटर्न शॉपसाठी लागणाऱ्या किरकोळ लाकडामुळे दोघांची जुनी ओळख होती.

"मिस्तरी, ही बघा." फारूकने ढिगातून एक लांबच लांब फळी ओढून काढली. पिवळसर पाइन, रेषा सरळ, गाठ एकही नाही. "सोन्यासारखा माल आहे. तुमची होडी हिच्यातच दडलेली आहे."

"आणि ही खिळ्यांची भोकं?"

"भोकं काय, बुजवायची. पाणी काय विचारून आत येतं का?"

"न विचारताच येतं, म्हणून तर काळजी आहे."

फारूक हसला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून किसन आला. किसन निघोज्याचाच. फाउंड्रीत ओतलेला माल घासायच्या कामाला होता, रोहिदासच्या आधीच निवृत्त होऊन कांद्यात रमला होता. त्याला हा सगळा प्रकारच पटत नव्हता.

"आरं, फळ्या जोडून कसली होडी करतूस? येकच बुंधा घ्यायचा आन् कोरायचा. माजा आजा इंद्रायणीत तसलीच घालायचा. बांधावर आंबा पडलाय, घेऊन जा."

"गच्चीवर कसा चढवू आंबा?"

"मंग गच्चीवर कशाला करतूस? हितं कर."

"इथे रोज येणार कसा मी?"

"न्हाई जमायचं तर न्हाई. मी आपलं सांगतो."

रोहिदास दोन पाइनच्या फळ्या रिक्षाच्या टपावर बांधून घरी आला. त्या कशासाठी घेतल्या हे सुमनने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काठाला लागतीलच." होडी कशाची होणार हे ठरलं नव्हतं, पण तिला काठ असणार होते, एवढं नक्की.

दिवाळीला दिव्या आली आणि तिने बापाला धरून बसवलं. एवढ्याशा गच्चीवर, एकट्या माणसाला जमेल अशी पद्धत एकच, ती म्हणाली. प्लायवूड. रोहिदासला ते मनातून लागलं. प्लायवूड म्हणजे लाकूड नव्हे, लाकडाची भेळ, असं तो शॉपमध्ये नव्या पोरांना सांगत आला होता. पण दुसरं काही सुचत नव्हतं. तो बाजारात गेला आणि वेगवेगळ्या दुकानांतून नमुन्याचे तुकडे घेऊन आला. सगळ्यांवर 'मरीन', म्हणजे पाण्यात टिकणारं, असा शिक्का होता. शिक्क्यावर त्याचा विश्वास नव्हता. खरं प्लायवूड उकळत्या पाण्यातही सुटत नाही, हे त्याला माहीत होतं.

सुमन दुकान बंद करून वर आली तर गॅसवर कुकर चढवलेला आणि नवरा समोर खुर्ची टाकून बसलेला.

"वरण लावलंत?"

"नाही. प्लायवूड."

सुमन दारातच उभी राहिली. मग तिने पदर खोचला. "किती शिट्ट्या झाल्या?"

कुकर उघडला तेव्हा एका तुकड्याचे पदर खारी बिस्किटासारखे फुलून सुटले होते. दुसरा कडेने पिचला होता. तिसरा मात्र जसाच्या तसा, नुसता रंग गडद झालेला. रोहिदासने तो हातात घेतला, वाकवला, वास घेतला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी नक्की कळलं होतं. सुमनने कुकर तीनदा घासला तरी पुढे दोन दिवस भाताला सुताराच्या दुकानाचा वास येत होता.

प्लायवूड आलं आणि गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दिव्याने इंटरनेटवरून नकाशा काढून दिला होता. त्यात चपटे, वाकडेतिकडे आकार होते, माशाच्या कापांसारखे. हे सपाट तुकडे जोडले की पोट असलेली होडी कशी होणार, हे रोहिदासच्या डोक्यात शिरेना. घन वस्तू म्हणजे ठोकळ्यातून कोरून काढायची, हेच त्याला ठाऊक. सपाट तुकड्याला पोट फुटतं कुठून?

कागद जमिनीवर पसरून तो गुडघ्यांवर बसला होता. सुमन चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या बघत राहिली.

"हे कटोरी ब्लाऊजचं कटिंग आहे," ती म्हणाली.

"काय?"

"अहो, कापड सपाटच असतं की. हा काठ बाहेर गोल आहे, हा आत गोल आहे. दोन्ही शिवले की फुगा येतो." तिने खाली जाऊन खाकी कागद आणला, नकाशावरून छोटे तुकडे कापले आणि सुईदोऱ्याने भराभर टाके घातले. दोन्ही टोकं ओढली तशी तिच्या तळहातावर एक छोटी होडी उभी राहिली. जराशी तिरकी होती, पण होडी होती.

रोहिदास त्या कागदाच्या होडीकडे बघत राहिला. त्याला आनंद झाला आणि कसंनुसंही वाटलं. इतकी वर्षं खाली दुकानात ही रोज हेच करत होती आणि आपण वरून ये-जा करत होतो, डबा घेऊन.

आणखी एक गोष्ट त्याला खात होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. ही शिवलेली होडी पाण्यात टिकायची तर सांध्यांवर रेझिन लावायला हवं होतं. ज्या रेझिनने त्याचं लाकूड शॉपमधून हुसकावलं, तेच. त्याने ठरवून टाकलं की आपल्या होडीला रेझिनचा थेंब लागू द्यायचा नाही. मग तो पर्याय शोधत हिंडला. राळ आणि तेल तापवून लावावं, असं कुणी म्हणालं. कुणी डांबर सुचवलं. प्लायवूडच्या दोन पट्ट्या राळेने जोडून त्याने रात्रभर बादलीत टाकल्या. सकाळी पट्ट्या वेगळ्या तरंगत होत्या आणि बादली कायमची चिकट झाली होती.

"दिव्या म्हणते ते आणा की," सुमन म्हणाली.

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे नाही असतं. नाही का, ते तरी सांगा."

तो नुसता म्हणाला, "आधी शिवून तर बघू."

डिसेंबरच्या थंडीत गच्चीवर कापाकापी सुरू झाली. बाजूंचे लांब तुकडे रोहिदासने स्वतः आखले. त्याची स्टीलची पट्टी होती, कामाला लागल्यापासून हातात असलेली, निरोपाच्या दिवशी हत्यारांच्या पेटीतून घरी आलेली. तिने टप्प्याटप्प्याने मोजत त्याने दोन्ही बाजू कापल्या. तळाचे तुकडे आखायला सुमन मदतीला आली. तिने आपला टेप आणला, दोघांनी दोन टोकं धरली आणि काम अर्ध्या वेळात झालं. कडांना भोकं पाडली, तांब्याची तार ओवली. सुमनच्या सवयीने एका टोकापासून टाके घालत गेले.

अर्ध्यावर गेल्यावर काहीतरी चुकतंय असं रोहिदासला वाटायला लागलं. भोकासमोर भोक येईना. त्याने तार ओढून ओढून भोक समोर आणलं. शेवटच्या टोकाला पोचले तेव्हा बाजू तळापेक्षा चांगली चार बोटं पुढे निघून गेली होती आणि सगळी होडी केळ्यासारखी वाकली होती.

"नकाशा चुकलाय," रोहिदास म्हणाला.

दिव्याला फोन लावला. तिने पुन्हा सगळं तपासलं. नकाशा बरोबर होता.

मग त्याने गच्चीला दोष दिला. पाणी वाहून जायला गच्चीला उतार असतो, त्यामुळे पीळ पडला असणार. होडी उचलून खाली विटा लावून पातळी केली. वाकडेपणा तसाच. मग थंडीला दोष दिला. मग प्लायवूडला. दव पडून लाकूड फुगलं असेल. पण फुगलं तर तळही फुगायला हवा, बाजूच तेवढ्या कशा फुगल्या? तो गच्चीवर फेऱ्या मारायचा, वाकून बघायचा, एक डोळा मिटून टोकावरून नजर लावायचा. जेवताना हात ताटातच थांबायचा. पाहुणे आले तर त्यांच्याशी बोलता बोलता उठून वर जायचा. बायको, मुलगी, शेजारी यांच्यासमोर त्याला लाज वाटत होती, पण त्याहून खोल कुठेतरी भीती वाटत होती. सुतापेक्षा बारीक चूक दुरून ओळखणारा माणूस आपण, आणि चार बोटांची चूक डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणजे आपलं डोकं गेलं का? की आधीपासूनच गेलेलं होतं आणि ड्रॉइंगमुळे झाकलेलं होतं?

एके दुपारी सुमन वाळलेले कपडे काढायला वर आली. रोहिदास पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. पट्टी शेजारी पडली होती. सुमनच्या गळ्यात टेप होताच. तिने टेप पट्टीला लावून धरला. मग पुन्हा लावला.

"अहो, तुमची पट्टी खोटी आहे."

"तोंड सांभाळून बोल. कंपनीची नाही ती, माझी आहे. तिच्यावर मी आयुष्य काढलंय."

"मग तुम्हीच बघा."

त्याने बघितलं. पट्टीचे साठ सेंटिमीटर संपले होते आणि टेपचे साठ त्याच्या आधीच संपून गेले होते. पट्टी बोटभर नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकी पुढे होती. रोहिदासने पट्टी हातात घेतली, उलटी केली, मागचा झिजलेला शिक्का वाचला, आणि कपाळावर हात मारला.

"खोटी नाही ही. मोठी आहे."

"म्हणजे?"

"श्रिंकेज पट्टी. लोखंड गार झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा. दर वेळी हिशोब नको म्हणून पट्टीच मोठी असते. हिचा सेंटिमीटर खऱ्यापेक्षा जास्त."

"आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं गं! माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण..." त्याच्या हाताला हाच सेंटिमीटर खरा वाटत आला होता. बाजारातली पट्टी त्याने शेवटची कधी धरली होती, आठवत नव्हतं. त्याने केलेली प्रत्येक वस्तू जरा मोठी होती, कारण पुढे कुणीतरी तिच्यावरून साचा घेणार होतं, लोखंड ओतणार होतं, आणि पॅटर्न मग फडताळात जाऊन पडणार होता. इथे ओतायचं काही नव्हतं. हीच वस्तू शेवटची होती. हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं, गच्चीवर, वाळत घातलेल्या परकरांच्या मधोमध बसून.

सुमनला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "मोठं आहे ना? मग कापता येतं. लहान झालं असतं तर फेकावं लागलं असतं. चला, उसवा."

"एवढं सगळं?"

"मग काय वाकडीच ठेवायची? माझ्याकडे गिऱ्हाइकं एकदा बारीक होतात, एकदा जाड होतात. मी रोज उसवते."

शॉपमध्ये चुकलेला पॅटर्न भट्टीत जायचा. उसवणं हा प्रकार रोहिदासने केला नव्हता. तो पक्कड घेऊन एका बाजूला बसला, ती दुसऱ्या बाजूला. ती एकेक तार सुईसारखी अलगद काढायची, तो कचाकच तोडायचा आणि भोकाची कड फाटायची. मग तिने त्याच्या हातातली पक्कड घेतली आणि कशी फिरवायची ते दाखवलं. ऊन उतरेपर्यंत होडीचे पुन्हा चार चपटे तुकडे झाले होते. रोहिदासला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलं नाही. भूक मात्र सडकून लागली.

बाजू टेपने मोजून नव्या आखल्या, कापल्या, पुन्हा शिवल्या. या वेळी भोकासमोर भोक आलं. टाके आवळत गेले तशी होडी आपसूक वर उचलली गेली, दोन्ही टोकं निमुळती, पोट गोल. सुमन म्हणाली, "बसला फुगा."

दुसऱ्या दिवशी तो कुणालाही न सांगता भोसरीला गेला आणि रेझिन घेऊन आला. का आणलं, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. डब्याचं झाकण उघडल्यावर वास आला आणि शॉपमधली शेवटची वर्षं अंगावर धावून आली. त्याने ठरलेल्या मापाने रेझिन आणि त्याला गोठवणारा दुसरा द्रव मिसळले, लाकडाचा भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलं आणि सांध्यांत बोटाने भरत गेला. वरून काचेच्या धाग्यांच्या कापडाची पट्टी बसवली. एकही बुडबुडा राहिला नाही. कुठे घाई करायची, कुठे थांबायचं, सगळं त्याला येत होतं. रेझिनचा इतका राग केला, तरी हाताने ते केव्हा शिकून घेतलं होतं देव जाणे. आपण हरलो की जिंकलो, हे त्याला ठरवता येईना. हात धुताना त्याने तो विचार सोडून दिला. फारूकच्या पाइनच्या फळ्या काठाला लागल्या आणि उरलेल्या लाकडातून दोन बैठका आणि एक वल्हं झालं. उघड्या राहिलेल्या लाकडावर वॉर्निश चढलं.

आता पाण्याचा प्रश्न. काळेवाडीजवळून नदी जाते, पण रोहिदास बघून आला तर पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर, म्हैस उभी राहील इतकी जाड. धरणावर परवानगीची भानगड. शेवटी किसनच म्हणाला, "माजं शेततळं हाय की. भरल्यालं हाय. आन हिकडं."

संक्रांत होऊन गेली होती. गल्लीतल्या माणसांनी दोर लावून होडी गच्चीवरून खाली उतरवली आणि फारूक आपला टेम्पो घेऊन आला, सुमन त्याच्याशेजारी पुढे बसली. चाकणच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. टेम्पोत होडीशेजारी रोहिदास बसला होता, एक हात तिच्यावर ठेवून, वरातीत नवरदेवाशेजारी बसलेल्या करवल्यासारखा अवघडून.

किसनचं शेततळं म्हणजे कांद्याच्या वाफ्यांमध्ये खणलेलं मोठं चौकोनी तळं, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. कडा निसरड्या. किसनने आधीच एका खांबाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडला होता आणि ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब तयार ठेवली होती. होडी पाण्यात ढकलली. ती जराशी डुलली आणि पाण्यावर अशी हलकी उभी राहिली की फारूकच्या तोंडून "माशाल्ला" निघालं.

"बस," किसन म्हणाला.

रोहिदास काठावर उभा राहिला. पाणी काळं दिसत होतं. पाय पुढे टाकावा असं त्याला वाटत होतं आणि पाय जागचा हलत नव्हता. इतके महिने लाकूड, जोड, गोंद यांच्या विचारात ही वेळ येणार हे तो जणू विसरूनच गेला होता.

"मला पोहता येत नाही," तो हळूच म्हणाला.

किसन आणि फारूक त्याच्याकडे बघतच राहिले. किसन काहीतरी बोलणार तेवढ्यात सुमनने चपला काढल्या, साडीचा काचा मारला, दोराला धरून खाली उतरली आणि होडीत बरोबर मधोमध बसली. होडी इकडे झाली, तिकडे झाली. सुमनने कमरेतून तोल धरला तशी होडी स्थिर झाली.

"अगं, पडशील!"

"पडले तर पोहेन."

"कोण पोहेल?"

"मी. कृष्णेकाठचं माहेर आहे माझं. आठवीत असताना पुलावरून सूर मारायचे. बापाने त्यापायी बडवलं होतं."

रोहिदासला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी पाण्याजवळ नेलंत?" सुमनने वल्हं घेतलं, एकदा चुकीच्या बाजूने मारून बघितलं, मग उमगल्यासारखं दुसऱ्या बाजूने. होडी सरळ निघाली. तळ्याच्या मध्यावर जाऊन ती वळली, आणि ऊन सुमनच्या तोंडावर आलं. दुकानातल्या दिव्याखाली रोज दिसणारं तेच तोंड होतं, पण रोहिदासला ते अनोळखी वाटत होतं, आणि नजर हटत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात आणखी काय काय आपल्याला माहीत नाही, याचा त्याला अंदाजच येईना.

ती काठाशी आली आणि मागच्या बैठकीवर सरकली. "या."

"वजन पेलेल का?"

"तुम्हीच केलीत ना?"

किसनने त्याच्या गळ्यात ट्यूब अडकवली, फारूकने दंड धरला. रोहिदास दोराच्या गाठी मोजत मोजत खाली सरकला आणि डोळे मिटून बसला. होडी खाली गेली, थांबली. त्याने दोन्ही काठ घट्ट धरले. हाताखाली पाइन गार लागत होतं. पाणी त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतं आणि मध्ये होतं नुसतं बोटापेक्षा पातळ लाकूड. त्याने एकेक सांधा डोळ्यांनी तपासला. कोरडा. दुसरा. कोरडा.

"वर बघा," सुमन पाठीमागून म्हणाली.

त्याने वर बघितलं. कांद्याची हिरवी पात, पलीकडे कंपनीची निळी शेड, काठावर कमरेवर हात ठेवून उभे असलेले दोघं. सगळं एका लयीत वर-खाली होत होतं.

"आता कुठे न्यायची?" त्याने विचारलं.

"समोर. तेवढंच तर पाणी आहे," सुमन म्हणाली आणि तिने वल्हं मारलं.